शंभर पावलं, शहाण्णव यार्ड

४ फेब्रुवारी

ती. मामी,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस. अकरा वेळा केला. बाराव्यांदा करण्याऐवजी हे पत्र लिहितेय.

आधी खाली बस. बसलीस? यंदाची अजिंक्यपद स्पर्धा आपल्या मैदानावर आहे! आपल्या, मामी! तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ज्याच्या सातव्या होलची हिरवळ दिसते, त्या! यादी लागली तेव्हा मी इतकी किंचाळले की शेजारच्या काकू पाण्याची बादली घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, आग लागली.

तुला गोल्फमधलं काही कळत नाही असं तू म्हणतेस (खेळाडूंच्या बॅगा वाहून त्यांना सल्ले देणाऱ्या मामासारख्या कॅडीशी तीस वर्षं संसार करून!), म्हणून नीट सांगते. माझं हे वर्ष पार बसलं. मी लांब मारत नाही. आजकाल मैदानं लांबच लांब झाली आहेत, आणि आमच्यात एक आहे जिला सगळे तोफ म्हणतात, ती एका फटक्यात जिथे पोचते तिथे मला दीड फटका लागतो. अर्धा फटका कुठे मिळत नाही, म्हणून दोन. पुढच्या वर्षी खेळायचं कार्ड टिकवायचं तर मला या शेवटच्या स्पर्धेत पहिल्या दहांत यायलाच हवं. अकरावी आले तरी खेळ खलास. मग क्रीडासाहित्याच्या दुकानात नोकरी. तिथे बोलून ठेवलंय. मालक भला माणूस आहे, पण त्याच्या दुकानाला खिडकी नाही.

पण आपलं मैदान लांबीला भीक घालत नाही! अरुंद पट्टे, दोन्हीकडे झाडं, होलभोवतीच्या हिरवळी बशीएवढ्या. "लांब मारणाऱ्याची इथे झाडांशी सोयरीक होते," असं मामा म्हणायचा. तिथे हवं असतं नेमकं माप. आणि नेमकं माप जगात एकाच वहीत आहे.

मामी, मामाची वही पाठव. अंतर मोजायची दुर्बीण या स्पर्धेत चालत नाही, खिशातली वही चालते. क्लबची छापील वही स्पर्धेच्या आठवड्यात मिळेल, पण तिच्यात हिरवळीच्या मध्यापर्यंतचं अंतर असतं, बस. मामाच्या वहीत कुठे थांबायचं आणि कुठे मेलं तरी जायचं नाही, ते असतं. दर हिवाळ्यात तो पूर्ण मैदान पावलांनी मोजायचा. त्याचं एक पाऊल म्हणजे एक यार्ड, पट्टी लावून बघावं.

१० मार्चला दोन दिवस सरावाला येतेय. तुझ्याकडेच उतरू ना?

तुझी
भिंगरी


२६ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. वही कपाटात आहे हे माहीत होतं, कपाट उघडायचं राहिलं होतं. हे गेले तेव्हापासून, जुलैपासून राहिलं होतं.

वही पाठवत नाही. टपालात हरवली तर दुसरी नाही. त्याऐवजी नक्कल केली आहे. नकाशा कार्यालयात सव्वीस वर्षं मी नकलाच केल्या, तेव्हा काळजी नसावी. अठरा कागद आहेत, एका होलला एक. झाडं, पाट, वाळूचे खड्डे, पाण्याच्या नळांची लोखंडी झाकणं, सगळं काढलं आहे. ह्यांनी एका झाडापुढे नुसतं "वाकडं" लिहिलं होतं. मी ते वाकडं काढलं आहे.

वहीत प्रत्येक होलखाली वर्षावर्षाचे आकडे एकाखाली एक आहेत. मी सर्वांत ताजे उतरवले. आमच्या कामात नवी मोजणी आली की जुनी रद्द. ह्यांची टिपणं जशीच्या तशी ठेवली आहेत. काही ठिकाणी भाषा बरी नाही. तेराव्यावर "इथे डावीकडे गेलास तर तसाच घरी जा" असं आहे. तेही उतरवलं.

१० मार्चला मी इथे नसेन. बहिणीकडे जायचं आहे. तू क्लबच्या वसतिगृहात उतर, तिथे गरम पाणी असतं.

फोनचं म्हणशील तर, फोनवर मी गप्प बसते आणि समोरचा विचारत राहतो, "ऐकू येतंय ना?" पत्रात गप्प बसलेलं दिसत नाही.

मामी


१२ मार्च

मामी! मामी! मामी!

मी लांब मारायला लागले!

ऐक. पहिला होल. कागदावर १४२. मी १४२ यार्ड जाणारी काठी काढली, नेहमीचीच, नेहमीसारखीच मारली, आणि बॉल दहा यार्ड जास्त, हिरवळ ओलांडून पलीकडे! म्हटलं, वारा असेल. दुसरा होल, पलीकडे. तिसरा, पलीकडे. सातव्यावर तुझ्या घरासमोरच्या त्या एकट्या झाडापाशी उभी राहिले. कागदावर हिरवळीच्या कडेपर्यंत १३७. मारला. तब्बल नऊ यार्ड पुढे, थेट तुझ्या कुंपणाला! वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी! लोकांची या वयात लांबी घटते आणि माझी वाढली!

माझ्या कॅडीला आम्ही मास्तरीण म्हणतो. जुनी खेळाडू आहे, कौतुक तिच्या तोंडून चिमट्याने काढावं लागतं. तीसुद्धा म्हणाली, "हिवाळाभर दोरीच्या उड्या मारल्यास त्याचं दिसतंय काहीतरी." काहीतरी! मी तर हवेत आहे. घरी परतल्याबरोबर जड डोक्याच्या नव्या काठ्या बघून आले, सोमवारी मागवते. आणि मारण्याची ढबही जरा बदलतेय, खांदा अजून थोडा मागे नेला तर आणखी लांब जाईल. तोफेला म्हणावं, ये आता!

तुझे नकाशे सगळ्यांनी पाहिले. मास्तरीण म्हणाली, हे फ्रेम करून भिंतीवर लावायचे की खिशात घालायचे? तेरावा वाचून ती हसत खाली बसली.

आणि एक. कुंपणाशी बॉल शोधायला आले तेव्हा दिसलं, दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. दोरीवर ओले कपडे होते. मी हाक मारली नाही. तू बहिणीकडे गेली होतीस, मला माहीत आहे.

भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरी,

नव्या काठ्या मागवू नकोस. मागवल्या असतील तर परत कर. खांदा होता तिथे आण. हे आधी लिहिलं, म्हणजे बाकीचं सावकाश वाचशील.

बहिणीकडे गेले नव्हते. ते तुला कळलंच आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. १३७ला नऊ पुढे, १४२ला दहा पुढे. सगळीकडे सारखंच, शंभराला सात. माणूस दोरीच्या उड्या मारून लांबत असेल, पण असा प्रमाणशीर लांबत नाही. मला शंका आली. म्हणून गेल्या शुक्रवारी सकाळी फीत घेऊन बाहेर पडले. जुलैनंतर मैदानावर पहिल्यांदाच पाय ठेवला.

हेडमाळी गवत कापत होते. मशीनवरूनच ओरडले, "वहिनी, जमीन विकत घेताय की काय?"

म्हटलं, "आधी मोजते, मग सांगते."

"मोजायचं काय त्यात! दादांनी इंचन् इंच मोजून ठेवलंय."

"दादांचंच तपासतेय."

तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं, उतरले आणि म्हणाले, "एकटीने फीत कशी धराल? आणा ते टोक." मग चार सकाळी त्यांनी टोक धरलं. दुसऱ्या दिवशी कुरकुरले, "माझी नेमणूक गवत कापायला आहे, खुंटी व्हायला नाही." मी म्हटलं, "खुंटी बोलत नसते." तर म्हणाले, "दादा बरोबर सांगायचे, घरी त्यांना बोलायला जागा नव्हती म्हणून ते मैदानावर बोलायचे." मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

सातव्यावरचं एकटं झाड ते हिरवळीची कड, फितीने १२८. तुझ्या कागदावर १३७ आहे. नकलताना माझी चूक झाली. एवढंच समज.

पहिल्या पंधरा होलांचे दुरुस्त कागद सोबत आहेत. जुने फाडून टाक. सोळा, सतरा आणि अठरा मोजायचे राहिले, स्पर्धेसाठी तो भाग दोऱ्या लावून बंद केला आहे. ते तीन कागद आधीच्या मोजणीचे आहेत, बरोबर असावेत.

थोडक्यात, तू लांब मारत नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस. हे मैदान मी आता जवळजवळ टोकापर्यंत चालून पाहिलं आहे. इथे लांब जाणाऱ्याला जागाच नाही. तुझं अंथरूण आहे तेवढंच या मैदानाला पुरतं, मात्र पाय त्याच्या बाहेर काढू नकोस.

चार सकाळी चालल्याने भूक फार लागते आहे.

मामी


३ एप्रिल, संध्याकाळ
(हेडमाळ्यांच्या हाती)

ती. मामी,

तीनशे पावलांवर राहून पत्र लिहितेय, हसू नकोस. भेटायला येत नाही म्हणून रागावूही नकोस. तुला पाहिलं की मी रडणार, आणि रडले की माझा हात दोन दिवस सैल पडतो.

काठ्या मागवल्या नाहीत. तुझ्या पत्रानंतर दोन दिवस तोंड फुगवून बसले, मग खांदा जागेवर आणला. आणि आज पहिला दिवस!

मामी, पंधरा होल मी असे खेळले की मास्तरीण चालताना गुणगुणायला लागली. तुझे दुरुस्त कागद म्हणजे काय सांगू! १२८ म्हणजे १२८. बॉल हाताने नेऊन ठेवावा तसा पडत होता. तोफ बिचारी सकाळपासून झाडीतून ये-जा करत होती, शेवटी म्हणाली, "इथे काठ्यांऐवजी कुऱ्हाड आणायला हवी होती." पंधराव्यावरून निघाले तेव्हा फळ्यावर माझं नाव तिसरं होतं. तिसरं!

मग सोळावा. हे शेवटचे तीन सरावाला बंदच होते. कागदावर १४०. मारला, मागच्या वाळूत. सतरावा, १२५. मागच्या झुडपात. अठरावा, १५०. मागच्या तळ्यात. लोकांनी "अरेरे" केलं ते अजून कानात आहे. तीन होलांत पाच फटके गेले. आता मी एकतिसावी आहे.

मास्तरणीने सतराव्यावर सांगितलं होतं की छापील वहीत वेगळं आहे. मी म्हटलं, "छापील वही मामापुढे काय!" आता ती माझ्याशी "हो" आणि "नाही" एवढंच बोलते आहे.

सोळाव्यावर सहा यार्ड पुढे, सतराव्यावर पाच, अठराव्यावर सहा. मामी, या कागदांवरही चूक झाली का? तिन्हींवर? आणि सारखीच? सव्वीस वर्षांत तुझी एक रेघ चुकली नाही, असं मामा जगाला सांगत फिरायचा. मला खरं काय ते सांग. उद्या साडेदहाला माझी वेळ आहे, आणि दोन दिवसांनंतर मागच्यांना घरी पाठवतात, म्हणजे उद्या वर सरकले नाही तर परवा मला खेळूच देणार नाहीत.

भिंगरी


४ एप्रिल, सकाळी सात

चि. भिंगरी,

आधी कामाचं. सोळा, सतरा आणि अठरा या कागदांवरच्या प्रत्येक आकड्यातून शंभराला चार वजा कर. १४० म्हणजे १३४. १२५ म्हणजे १२०. १५० म्हणजे १४४. टिपणांना हात लावू नकोस, ती बरोबर आहेत.

आता खरं.

नकलताना चूक झाली नव्हती. वहीत तेच आकडे आहेत. सातव्याच्या झाडाखाली नऊ वर्षं ओळीने १२८ लिहिलं आहे, आणि शेवटी १३७. झाड चालत नाही. हिरवळही चालत नाही. हे पावलांनी मोजायचे. पाऊल आखूड पडायला लागलं, म्हणून आकडा वाढला.

आजाराचं त्यांनी मला गेल्या वर्षी मार्चमध्ये सांगितलं. १३७ हा आकडा त्याआधीच्या डिसेंबरातला आहे. म्हणजे डिसेंबरातच पायातली ताकद जात होती, हे मोजत होते, आणि घरी येऊन सांगत होते की आज थंडी फार आहे. हे मला फीत धरून झाडाखाली उभी असताना कळलं. हेडमाळी म्हणाले, त्या हिवाळ्यात दादा रोज विचारायचे, "काय रे, मैदान ओढून लांब करतोस का?" सगळे हसायचे. तेही हसायचे.

तुझ्या मनात मामाचं पाऊल यार्डाचं आहे, ते तसंच राहावं म्हणून चूक माझ्यावर घेतली.

शेवटच्या तीन होलांचं वेगळं आहे. त्या हिरवळी त्या डिसेंबराच्या आदल्या उन्हाळ्यात नव्याने बांधल्या. ह्यांनी त्याच मे महिन्यात त्या मोजल्या. त्याआधीचे आकडे लागू नाहीत आणि डिसेंबरात ते पंधराव्यापुढे गेलेच नाहीत, त्यामुळे ताडून पाहायला काही नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं की मेमध्ये ते ठणठणीत होते. तसं ठरवायला कारण होतं. त्या मेमध्ये बाजारातून येताना मी त्यांना म्हटलं होतं, "पाय ओढत काय चालता, घरी पोचेपर्यंत भाजी सुकेल." ते म्हणाले, "तू हो पुढे." मी झाले पुढे.

काल तुझे तीन बॉल मागे पडले. तेव्हा मला कळलं की मेमध्येही ते ठणठणीत नव्हते. मला हे आधी पाहायला हवं होतं. पाहिलं नाही, त्याचे पाच फटके तुला पडले. ही चूक मात्र माझी.

तरी कागद फाडू नकोस. नकाशाचं प्रमाण चुकलं तर नकाशा टाकून देत नाहीत, कोपऱ्यातलं प्रमाण दुरुस्त करतात. तिन्ही कागदांच्या वरच्या कोपऱ्यात लिही: शंभर पावलं, शहाण्णव यार्ड. बाकी सगळं त्यांनी बरोबर पाहिलं आहे.

मास्तरणीची माफी माग. छापील वही तिच्याजवळ असू दे, दोन्ही ताडून पाहा. रडायचं असेल तर दहाच्या आत रड.

मामी


५ एप्रिल, संध्याकाळ
(पुन्हा हेडमाळ्यांच्या हाती. ते म्हणतात, आता टपाल खात्यातच अर्ज करतो.)

ती. मामी,

काल दहाच्या आत रडले. मास्तरणीची माफी मागितली आणि तुझं पत्र तिला वाचायला दिलं. तिने वाचलं, घडी घातली, नाक शिंकरलं आणि म्हणाली, "चल, प्रमाण दुरुस्त कर." मग कोपऱ्यात तिनेच लिहिलं, माझं अक्षर वाचवत नाही म्हणून.

आणि मामी! काल अठरावी! आज अकरावी! एकतिसावीवरून अकरावी! सोळा-सतरा-अठरावर दोन दिवसांत एकही बॉल मागे गेला नाही. सोळाव्यावर १३४ मारला तो होलपासून हातभर. हिरवळीला वळसा घालताना मास्तरणीने मला ढोपर मारलं. तिच्या भाषेत ती मिठी असते.

एक सांगायचंय. त्याच मेमध्ये मी मामाला विचारलं होतं, माझी बॅग उचलायला येशील का, पूर्ण मोसम. तो म्हणाला, "मला म्हाताऱ्याला कशाला घेतेस, चांगला कॅडी बघ." मला वाटलं, त्याला माझ्या खेळात दम वाटत नाही. दोन महिने फोन केला नाही मी त्याला. मामी, त्या मेमध्ये तू एकटीच चुकली नाहीस.

आता उद्या. अकराव्या जागेवर आम्ही दोघी आहोत, मी आणि तोफ. ती माझ्या मागच्या गटात आहे. वरची एखादी घसरली तर दोघींतली एकच दहांत जाऊ शकते, फार तर. अडीचच्या सुमाराला मी अठराव्यावर असेन. तू ये असं म्हणत नाही. फक्त वेळ कळवली.

भिंगरी


६ एप्रिल, संध्याकाळी सहा

चि. भिंगरी,

तुमची बस साडेपाचला सुटली. तुझ्याशी मला एकच वाक्य बोलता आलं, तेही "पाणी प्यायलीस का?" म्हणून बाकीचं लिहिते. हे पत्र उद्या तुझ्या पत्त्यावर टाकते.

मी दोन वाजल्यापासून अठराव्याच्या हिरवळीमागे होते, तळ्याच्या बाजूला. हेडमाळ्यांनी दोरीच्या आत खुर्ची ठेवली होती. बसले नाही. बसलं की दिसत नाही.

फळा कसा वाचायचा ते त्यांनी सांगितलं. तुझ्या नावापुढे अकरा होतं, तोफेच्या नावापुढे दहा. मी विचारलं, "अजून वर सरकायला काय लागेल?" ते म्हणाले, "हिने इथे चार फटक्यांत संपवायचं, आणि मागून येणाऱ्या तोफेने पाच घ्यायचे." मी म्हटलं, "दुसऱ्याचं वाईट चिंतायचं का?" ते म्हणाले, "वहिनी, चिंतायला नको, झाडं आहेत."

तू दिसलीस. लांबून एवढीशी. पहिला फटका झाडांच्या मधोमध, लोखंडी झाकणाच्या जरा मागे. मग तू आणि मास्तरीण किती वेळ बोलत होतात! ती हाताने काहीतरी मोठं दाखवत होती, तू मान हलवत होतीस. हेडमाळी म्हणाले, "वारा समोरून आहे, ती मोठी काठी घे म्हणत असणार." मी वाऱ्याचं काही मोजलं नव्हतं. मला वाटलं, आता ओरडून सांगावं की वाऱ्याचं मला माहीत नाही, मास्तरणीचं ऐक.

तू काठी बदललीस. ऐकलंस तिचं. आणि मारलास.

तो बॉल वर गेल्यावर किती वेळ वर असतो, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. खिडकीतून दिसत नाही ते. मी तळ्याकडे पाहत होते, म्हटलं इथे पडला तर मला आधी दिसेल. तो हिरवळीच्या मधोमध पडला, एकदा उडाला आणि थांबला. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. हेडमाळी कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, इथे ओरडत नाहीत, टाळ्या वाजवतात, त्याही बेताने." मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ओरडू द्या हो त्यांना." मग मी बेताने टाळ्या वाजवल्या.

दोन फटके अजून. दुसरा गेला तेव्हा होलमध्ये बॉल पडल्याचा टकटक आवाज मला ऐकू आला. चार झाले. तू टोपी काढलीस, आणि बाजूला जाऊन उभी राहिलीस, माझ्याकडे पाठ करून. मी आले आहे हे तुला कळलं नव्हतं. मी हाक मारली नाही. आपल्यात तशी रीत पडली आहे.

मग तोफ आली. काय मारते ती मुलगी! आवाजानेच दचकायला झालं. तिला झाडांवरून कोपरा कापायचा होता. बॉल सगळ्यांत उंच झाडाच्या शेंड्यापाशी गेला, आत काहीतरी खडखडलं, आणि खाली आलाच नाही असं वाटलं. आला, पण मुळापाशी. तिला तिथून बाहेर यायलाच एक फटका लागला. पाच झाले. पाच झाल्यावर तीच पहिली तुझ्याकडे आली आणि तुला उचललंन्. मला ती फार आवडली.

फळ्यावरच्या माणसाने तुझ्या नावापुढचा आकडा काढला. नवा लावायला त्याला किती वेळ लागावा! पाटी हातातून पडली त्याच्या. उचलली, पुसली, उलटी लावली, पुन्हा सरळ केली. दहा.

त्यानंतर तू वळलीस आणि मी दिसले. पुढचं तुला माहीत आहे. तू माझा खांदा भिजवलास आणि मी पाण्याचं विचारलं.

मला म्हणायचं होतं की त्या मेनंतर आज पहिल्यांदा मला कोणाच्या मागून चालताना बरं वाटलं. क्लबच्या दारापर्यंत तू पुढे चालत होतीस आणि मी मुद्दाम मागे राहिले. हे बसपाशी सांगण्यासारखं नव्हतं.

मामी


११ एप्रिल

ती. मामी,

कार्ड आलं! पूर्ण वर्षाचं! दुकानदारांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "बरं झालं, तू काउंटरवर टिकली नसतीस," आणि बॉलचा एक डबा हातात ठेवला. तुझं पत्र मास्तरणीला वाचून दाखवलं. "वाऱ्याचं मला माहीत नाही, मास्तरणीचं ऐक" हे तिने मला तीनदा वाचायला लावलं. म्हणते, या बाईला अक्कल आहे.

आता नीट ऐक. जूनमधलं पहिलं मैदान समुद्राकाठचं आहे. झाड औषधालाही नाही. नुसत्या वाळूच्या टेकड्या आणि वारा. तेही अरुंद, तेही लांबीला न जुमानणारं, आणि त्याची चांगली वही कोणाकडेच नाही. स्पर्धेच्या आधी चार दिवस मोजायला मिळतात. मास्तरीण म्हणते, ती वारा बघेल, पण अंतरासाठी तिच्या पावलांवर तिचा स्वतःचाच भरवसा नाही. तिला फीत धरणारी आणि कागदावर काढणारी बाई हवी आहे.

खोली तिघींना पुरेल. खिडकी समुद्राकडे आहे. येतेस?

लगेच सांग. तीन आठवडे लावू नकोस.

भिंगरी


१४ एप्रिल

चि. भिंगरी,

येते.

वाऱ्यात कापडी फीत फडफडते आणि माप चुकतं, म्हणून पोलादी घेतली आहे. हेडमाळी म्हणतात, त्यांना चार दिवस रजा मिळत नाही, नाहीतर खुंटी म्हणून आले असते.

वाळूत चपला चालतात की बूट लागतात ते कळव. बूट लागणार असतील तर आजच आणते आणि घरात घालून फिरते. नवे बूट चावतात.

मामी